बसचं तिकीट घातलेलं पान

चाळ सोडून नव्या टॉवरमध्ये राहायला जायचं म्हणून नायगावच्या खोलीतला माळा उपसताना मराठीत आलेल्या एका जुन्या रशियन पुस्तकाचा वास आला आणि गिरणीच्या संपातली एक संध्याकाळ आठवली. बाबा त्यातून गॅलरीत सगळ्यांना महायुद्धातल्या एका सोव्हिएत रणगाडा ब्रिगेडचा इतिहास वाचून दाखवायचे. त्या दिवशी वाचलं, की ब्रिगेड जवळपास संपली, मग नवी माणसं भरून त्याच नंबराने पुन्हा लढायला गेली. बाबांबरोबर गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, काम करणारे शेजारचे काका हळूच म्हणाले, "आपल्या साच्यांवर पण कालपासून नवी माणसं उभी केलीत रे." बाबांनी पानात बसचं तिकीट घातलं, पुस्तक मिटलं आणि पुन्हा कधी उघडलं नाही. ब्रिगेड शेवटी जिंकली, हे मला आज पुढची पानं उलटल्यावर कळलं. सांगायला गॅलरीत कोणी उरलेलं नाही.