कुर्रचा आरोप

माझा आवाज मोठा आहे, हे आधीच कबूल करते. दोन शिक्षकी शाळेत पंधरा वर्षं पहिली ते चौथीची मुलं एकाच व्हरांड्यात बसवून शिकवलीत. रस्त्यापलीकडच्या गिरणीवाल्याला माझ्यामुळे सोळाचा पाढा पाठ झाला, असं तो स्वतः सांगतो. घरात नवऱ्याच्या कानात काही बोलावं, तर उत्तर शेजारीण देते. त्यामुळे पुढे जो आरोप माझ्यावर झाला, तो गावाला पटायला अजिबात वेळ लागला नाही.

माझं सासर आणि माहेर दोन्ही हिंगोलीकडच्या गोरेगावातच, मध्ये फक्त दोन गल्ल्या. धाकट्या भावाला मुलगी झाली आणि बारशाला आत्या म्हणून मानाचं काम माझ्याकडे आलं. आत्यानं बाळाच्या कानाशी तोंड नेऊन ‘कुर्रर्र’ म्हणायचं, नाव सांगायचं, आणि त्याच वेळी बाकीच्या बायांनी आत्याच्या पाठीत गुद्दे घालायचे. मी ठरवून हळू म्हणणार होते, शपथेवर सांगते. पण आमची शेजारीण रोज दोन म्हशींची धार काढते. तिचा गुद्दा असा बसला की माझं कुर्र पोटातून निघालं आणि थेट मारुतीच्या पारापर्यंत गेलं. पारावरची माणसं उठून काय झालं म्हणून बघायला आली. बाळ मात्र रडलं नाही, दचकलंसुद्धा नाही. ‘किती गुणाचं लेकरू हाय,’ असं सगळ्या बाया म्हणाल्या, आणि आम्ही पेढे खाल्ले.

बाळ चार महिन्यांचं असताना दारावरून एक वरात गेली. डीजेच्या आवाजानं पत्रे थरथरत होते, फडताळातले पेले एकमेकांवर वाजत होते. बाळ पाळण्यात गाढ झोपलेलं. पुन्हा सगळे म्हणाले, गुणाचं लेकरू. मला मात्र शंका आली. शाळेत मी दोन मुलं अशी पाहिली होती, ज्यांना सगळे वर्षभर मठ्ठ म्हणत होते आणि शेवटी कान तपासल्यावर कळलं. मी आईला म्हणाले, ‘हिला ऐकू येत नसेल. दाखवून आणू.’

आईनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच ते दुखणं पिशवीत घालून आणलंय. मग ती उठली, स्टीलचं ताट आणि उलथनं घेऊन आली आणि पाळण्यावर वाकून बडवायला लागली. बाळानं मान वळवली. ‘हे बघ! ऐकू येऊन राहिलं न्हाई का?’ मी म्हटलं, ‘आई, तुझं पोट पाळण्याला लागलंय. पाळणा हलला म्हणून तिनं पाहिलं.’ त्यावर आई आठ दिवस बोलली नाही. बोलली तेव्हा निकाल तयार होता. ‘बारशाला तूच कानात बोंबलली. लेकराचा कान तवाच गेला.’

गोरेगावात बातमी पोचायला वेळ लागत नाही. किराणा दुकानात बायका माझ्याकडे बघून आपापल्या लेकरांचे कान झाकायला लागल्या. हे मी वाढवून सांगत नाही, एकीनं खरोखर झाकले. दोन बारशी झाली, दोन्हीकडे आत्यांना कुर्र मनातल्या मनात म्हणायला सांगितलं. मी सगळ्यांना हसून उत्तरं देत होते. पण एकटी असले की मोबाइलवर शोधायचे, मोठ्या आवाजानं बाळाचा कान जातो का. जातो, असं कुठे कुठे लिहिलेलं होतं. ते वाचल्यावर जेवण जायचं नाही. भाचीला कडेवर घ्यायचीही मला भीती वाटायला लागली होती.

माझी भावजय यावर एक अक्षर बोलत नव्हती. आई मला घालूनपाडून बोलायची तेव्हा ती भाजी निवडत खाली मान घालून बसायची. मला वाटायचं, बोलत नाही म्हणजे मनातून तीही मला दोषी धरते. ते मला आईच्या बोलण्याहून जास्त लागायचं.

अखेर भाची नऊ महिन्यांची झाल्यावर तपासणीचा दिवस मिळाला. हिंगोलीत एका दवाखान्यात दर गुरुवारी नांदेडहून एक मॅडम मशीन घेऊन येतात. तपासणीचं नाव बेरा. कपाळाला आणि कानामागे चिकटपट्ट्या लावून वायरी जोडतात, कानात टकटक असा आवाज सोडतात, आणि तो मेंदूच्या देठापर्यंत पोचतो की नाही ते संगणकावर रेषांमध्ये दिसतं. ज्याला बोलता येत नाही त्याचंही त्यात कळतं. अट एकच, तपासताना लेकरू झोपलेलं पाहिजे. म्हणून मॅडमनी फोनवर बजावलं होतं, ‘पहाटे उठवा, रस्त्यात अजिबात झोपू देऊ नका, आणि डोक्याला तेल लावू नका.’

भाऊ सोयाबीन काढायला मजूर लावून बसलेला, म्हणून मी आणि भावजय निघालो. जीपमध्ये चौदा माणसं. बाळाला झोपू द्यायचं नाही एवढं मी म्हणायचा अवकाश, अख्ख्या जीपनं काम वाटून घेतलं. एका म्हातारबाबांनी फेटा सोडून पुन्हा बांधला आणि पुन्हा सोडला. एक बाई बाळाच्या पायाला गुदगुल्या करत होती. ड्रायव्हरनं हॉर्न वाजवायला सुरुवात केली. मी म्हटलं, ‘भाऊ, ऐकू येत न्हाई म्हणूनच चाललोय.’ तो म्हणाला, ‘तरी बी प्रयत्न करायला काय हरकत हाय?’ सेनगाव ओलांडलं, हिंगोली आली, बाळाचे डोळे टक्क उघडे. आम्हा दोघींच्याच माना लटकत होत्या.

दवाखान्यात बाकावर सगळ्या वयाची माणसं होती. आमच्या आधी एक सत्तरीचे आजोबा होते. मॅडमनी त्यांना समजावलं, ‘तुम्ही काही सांगायची गरज नाही, मशीन डोक्यातून सरळ वाचतं.’ आजोबांनी शेजारी बसलेल्या बायकोकडे एकदा पाहिलं आणि मॅडमकडे वाकून विचारलं, ‘मनातलं बी दिसतं का त्यात?’ नाही म्हटल्यावर त्यांचा जीव भांड्यात पडला आणि ते खुशीत आत गेले. आजींचं तोंड मात्र उतरलं. त्या बहुधा बऱ्याच आशेनं आल्या होत्या.

आमची पाळी आली तेव्हा नशिबानं भाची भावजयीच्या खांद्यावर झोपलेली. हळूच कॉटवर ठेवलं. मॅडमनी टोपडं काढलं आणि थांबल्या. टाळूवर तेल थापलेलं, कपाळावर पावलीएवढी काजळाची तीट, दोन्ही कानांमागे आणखी एकेक. सकाळी निघताना आईनं ‘जरा माझ्याकडं द्या’ म्हणून लेकरू आत नेलं होतं. हिंगोलीला मशीनसमोर लेकरू ठेवायचं आणि तीट लावायची नाही, हे तिला शक्यच नव्हतं. नेमक्या जिथे पट्ट्या चिकटवायच्या तिथेच तिनं बंदोबस्त केला होता. पट्टी लावली की घसरे. पुन्हा लावली, पुन्हा घसरली. शेवटी मॅडमनी स्पिरिटचा बोळा घेतला, आणि तो गार बोळा कपाळाला लागताच भाचीनं जे भोकाड पसरलं, त्याबद्दल मात्र मला तिचा अभिमान वाटला. आवाज आमच्याच घराण्याचा होता.

त्यानंतर दोन तास ती जागी. झोपेचं औषध दिलं, ते तिनं माझ्या साडीवर परत दिलं. पुन्हा डॉक्टरांना विचारून थोडं दिलं. भावजय तिला मांडीवर हलवत अंगाई म्हणायला लागली. मध्येच थांबली, माझ्याकडे पाहिलं, आणि पुन्हा म्हणायला लागली. मी खिडकीबाहेर बघत राहिले, कारण माझे डोळे भरून आले होते.

एकदाची झोपली. भावजय म्हणाली, ‘ताई, तुमीच थांबा आत. माझ्यानं बघवणार न्हाई.’ ती बाहेर जाऊन बसली.

मॅडमनी वायरी जोडल्या आणि टकटक सुरू केली. पडद्यावर रेषा एकाखाली एक उमटत होत्या. नीट ऐकू येणाऱ्या कानाच्या रेषेत कुठे उंचवटा यायला हवा, ते त्यांनी मला बोटानं दाखवलं. मी तिथे डोळे लावून बसले. उंचवटा येईना. मॅडमनी आवाज वाढवला. मग आणखी वाढवला. शेवटी तो इतका झाला की बाळाच्या कानातल्या नळीतून बाहेर येणारी टकटक मला खुर्चीत बसून ऐकू यायला लागली. भाची शांत झोपलेली. मी मनातल्या मनात तिला म्हणत होते, अगं दचक ना, एकदा तरी दचक. दुसऱ्या कानाचंही तसंच झालं.

मॅडमनी वायरी काढल्या, बाळाला पांघरूण घातलं आणि सावकाश सांगितलं. दोन्ही कानांनी फार कमी ऐकू येतं. अजून तपासण्या लागतील, पण आधी श्रवणयंत्र लगेच बसवायचं, उशीर करायचा नाही. मी मान हलवत होते. मग मला राहवलं नाही. बारसं, गुद्दा, कुर्र, सगळं सांगितलं. मॅडम हसू दाबत होत्या, पण त्यांना ते जमलं नाही. ‘अहो, एका कुर्रनं असं होत नाही. तुम्ही आणलेल्या कागदांत लिहिलंय, जन्मल्यावर हिला कावीळ जास्त झाली होती, काचेच्या पेटीत ठेवलं होतं. तेव्हाचं असू शकतं, खात्रीनं आत्ता सांगता येणार नाही. पण तुम्ही यातून मोकळ्या.’

मोकळ्या म्हटल्याबरोबर मला बरं वाटलं. खरं तेच सांगते. समोर लेकरू बहिरं ठरलं होतं आणि माझ्या छातीवरचा दगड उतरला होता. पुढच्याच क्षणी मला स्वतःची इतकी लाज वाटली की मी भाचीला उचलून घेतलं आणि तिच्या गालात तोंड लपवलं.

बाहेर येऊन भावजयीला सांगितलं. तिनं लेकरू घेतलं, छातीशी धरलं. रडली नाही. तिचं टोपडं नीट करत म्हणाली, ‘तुमच्या कुर्रचं विचारलं का?’

‘विचारलं. त्यानं झालं न्हाई म्हणाल्या.’

तिचा चेहरा पांढरा पडला. मग ती भिंतीकडे बघत बोलायला लागली. ‘ताई, दीड महिन्याची व्हती तवा माझ्या हातून पडली. पाळण्यातून काढताना. मी कोणाला सांगितलं न्हाई. सासूबाई तुमाला बोलायच्या, तवा मी गप बसले. तुमच्यावर आलं तर येऊ दिलं.’

पाच महिने! पाच महिने मी जेवले नव्हते नीट, दुकानात तोंड लपवत फिरले होते, आणि ही भाजी निवडत बसलेली. माझ्या जिभेवर असं काही आलं होतं की ते हिंगोलीच्या स्टँडपर्यंत ऐकू गेलं असतं. पण तिनं बाळाला इतकं घट्ट धरलं होतं की तिची बोटं पांढरी झाली होती. ती भीती मला ओळखीची होती. मी तिच्या जागी पाच महिने बसले होते.

मी उठले आणि पुन्हा आत गेले.

‘मॅडम, एक सांगायचं राहिलं. लेकरू माझ्या हातून एकदा पडलं होतं. पाळण्यातून काढताना.’

मॅडमनी पेन खाली ठेवलं. ‘बाई, तुम्ही त्या लेकराला अजून काय काय केलंय, ते एकदाच सांगून टाका.’

‘एवढंच.’

‘किती उंचीवरून? उलटी झाली होती? बेशुद्ध पडली? कानातून रक्त वगैरे?’

यातलं मला काहीच माहीत नव्हतं. मी मागे वळून पाहिलं. भावजय बाळाला घेऊन दारात उभी होती. तिनं गुडघ्याजवळ हात धरून दाखवला आणि मान हलवली, न्हाई, काही न्हाई.

‘गुडघ्याएवढ्या उंचीवरून,’ मी म्हणाले. ‘बाकी काही झालं नाही.’

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं, मग दाराकडे पाहिलं. पुढचं त्या मला सोडून तिच्याशी बोलल्या.

‘एवढ्याशा पडण्यानं दोन्ही कान असे जात नाहीत, ताई. हे तुमच्यामुळे झालेलं नाही.’

भावजय तिथेच उंबऱ्यात खाली बसली आणि हुंदके देऊन रडायला लागली. मी तिच्या मांडीवरचं लेकरू घेतलं. मॅडमनी बाहेरच्या पेशंटला थोडं थांबायला सांगितलं आणि दार लोटून घेतलं.