भाचीच्या पायाखालचे दगड

ऐन वैशाखात सोलापूरच्या एसटी स्टँडावर घाम पुसत उभं राहायचं आणि कुणी "कुठं निघालात?" विचारलं की "सरडे बघायला" म्हणून सांगायचं, याला धाडस लागतं. ते माझ्यात नव्हतं. मी सगळ्यांना "माहेरी" असंच सांगत होते. माझी मुलगी सायली मात्र खरं सांगून मोकळी होत होती.

स्वयंपाकघरात पाल दिसली की मी शुक्रवार पेठेतला अख्खा बोळ गोळा करते, आणि माझ्याच पोटी सरड्यांवर एम.एस्सी. करणारी मुलगी! आधी तिला कोकणातल्या जंगलातले सरडे हवे होते. मग गेल्या उन्हाळ्यात ती मामाकडे गेली आणि मन तिथंच बसलं. मामा म्हणजे माझा थोरला भाऊ, दत्तादादा. सांगोल्याच्या आत त्याची डाळिंबाची बाग आहे आणि बागेमागं खडकाळ माळ. त्या माळावर तिला पंखासरडे सापडले. यंदा तिचा सगळा प्रबंध त्यांच्यावर उभा राहायचा होता.

"पंखासरडा म्हंजे?" बसमध्ये शेजारच्या आजोबांनी तिच्या गळ्यातल्या दुर्बिणीकडं बघत विचारलं.

"नराच्या गळ्याखाली घडी घातलेली कातडी असते, आजोबा. पावसाच्या आधी तो दगडावर चढतो आणि ती पंख्यासारखी उघडतो. निळी, काळी, नारिंगी. मादी लांबून बघते. पसंत पडला तर येते."

"आन् न्हाय पडला तर?"

"तर बसतो उन्हात मान हलवत."

"आमचा नातू तेच करतुय की," आजोबा म्हणाले. "गळ्यात रुमाल बांधून चौकात बसतंय. लई दिस झालं, कोण बघंना."

मंगळवेढ्यापुढं ते उतरले. बाहेर भेगाळलेली काळी जमीन मागं पळत होती. सायली खिडकीला डोकं टेकून सांगत राहिली. जंगलातल्या सरड्याला झाडाचं खोड असतं. खोडावर वरखाली करत तो ऊन आणि सावली मिळवतो आणि मिरवतोही तिथूनच. माळावर झाड नाही, तेव्हा दगड हेच याचं झाड. वर चढला की दिसतो, खाली शिरला की गार. आणि असा मिरवायचा उन्हाळा बहुतेकांच्या वाट्याला एकच येतो.

"म्हणजे गेल्या वर्षीचे?"

"गेले असतील, आई. आता त्यांची पोरं असतील."

मला उगाचच वाईट वाटलं. सरड्यांसाठी वाईट वाटण्याची ही माझी पहिलीच वेळ.

दादा फाट्यावर मोटारसायकल घेऊन उभा होता. उतरल्या उतरल्या त्यानं वाकून सायलीच्या पायांना हात लावला. आमच्याकडं भाची मामाच्या पाया पडत नाही, मामाच भाचीच्या पाया पडतो. गेल्या वर्षी त्यातलाच उजवा पाय माळावरच्या दगडात अडकून मोडला होता. सायली ते विसरली. दादा विसरला नव्हता. आमच्या घरी भाचीचा पाय मोडला, हे तो फोनवर वर्षभर घोकत होता.

वहिनीनं माडगं (हुलग्याच्या पिठाची पातळ पेज) पुढं केलं. "वन्सं, तुमी बी सरडं बघणार व्हय? पाल दिसली तर पलंगावर चढत हुता की!"

"मी लांबूनच बघणार आहे," मी म्हटलं. सगळे हसले. त्या मुक्कामात सगळे मिळून हसलो ते तेवढंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी दादा आम्हाला माळावर घेऊन गेला. वाटेत तो सारखा मागं वळून सायलीकडं बघत होता. बाग संपली आणि त्यानं हात पसरला. "बघ पोरी!"

माळावर एक दगड नव्हता. झुडूप नव्हतं. जेसीबी फिरवून सगळं अंगणासारखं सपाट केलेलं. मधोमध चार बांबूंवर हिरवी जाळी ताणली होती आणि तिच्या सावलीत एक नवी प्लास्टिकची खुर्ची.

"आता बस निवांत. ठेच न्हाय, काटा न्हाय."

सायली खुर्चीत जाऊन बसली आणि दुर्बीण डोळ्याला लावली. मी शेजारी भुईवर बसले. ऊन चढलं. खूप वेळानं एक मादी दिसली, मातकट, बोटाएवढी. मी किंचाळले नाही. ती पळाली, थांबली, मान उंच करून चहूकडं बघितलं, पुन्हा पळाली. लपायला जागा नव्हती आणि बघायला कुणी नव्हतं. पार कडेला जाऊन ती दिसेनाशी झाली.

दादा ताकाची कळशी घेऊन आला. "किती गावलं?"

मी सायलीला डोळ्यानं खुणावलं, सांगू नकोस म्हणून. तिनं तरी सांगितलं, एकच.

"मामा, दगड कुठं गेले?"

"जुन्या हिरीत ढकललं. संक्रांत झाल्यावर. हीर बी बुजली."

"ते दगडावरच बसतात, मामा. आणि थंडीत दगडाखाली निजलेले असतात."

दादानं खाली तिच्या पायांकडं बघितलं. मग म्हणाला, "मला बोलायचं हुतंस की."

"मला वाटलं तुम्हाला ठाऊक असेल. तुमचाच माळ."

"माळाकडं कोण बघतंय, पोरी. शेळ्या चारायच्या आन् घरला यायचं." कळशी तशीच त्याच्या हातात राहिली. "मी दगड परत आणतो. ट्रॉली हाय."

"आणा," सायली म्हणाली. दगड आणता येतात, त्यांच्याखाली निजलेले सरडे विहिरीतून कसे आणायचे, हे ती बोलली नाही. पण दादानं आयुष्यभर जनावरं सांभाळली आहेत, त्याला कळलं.

मुक्काम आवरता घेऊन आम्ही परतलो. वहिनीनं पिशवीत डाळिंबं भरली होती, ती बसमध्ये मांडीवर जड लागत होती. सायलीला आता दुसरा माळ शोधायचा होता आणि पुढच्या उन्हाळ्यापर्यंत थांबायचं होतं. दादावर रागवावं तर कशासाठी, हे आम्हा दोघींना सोलापूर येईपर्यंत सुचलं नाही. प्रेमानं केलेल्या गोष्टीची तक्रार कुणाकडं करायची असते, मला अजून ठाऊक नाही.

दादानं जाळी काढली. खुर्चीच्या जागी ओढ्यातला एक चपटा दगड आणून ठेवला, मग आणखी काही. आता तो रोज सकाळी तिथं जाऊन बसतो, आणि दर रविवारी सायलीला फोन करतो.

"आज बी न्हाय आला," म्हणतो. मग विचारतो, "कसला रंग म्हनलीस? निळा? हितंच जन्मलो, पोरी, कधी बघितलाच न्हाय."