शाई वाळेपर्यंत

कोणताही कागद हातात आला की ती आधी खिडकीशी जाई आणि तो उजेडाला धरून पाही. लग्नपत्रिका असो, विजेचं बिल असो, मुलीचं प्रगतिपुस्तक असो. "अहो, उजेडाला धरल्याशिवाय कागद खरं बोलत नाही," असं म्हणे. तुमच्याही ओळखीत अशी माणसं असतील, ज्यांच्या बोटांतून कचेरीतलं काम घरी येतं. माझ्या बायकोचं तसंच होतं.

झाशीतल्या एका सरकारी कचेरीत ती ट्रेसर होती. इंजिनिअरांनी पेन्सिलीने काढलेल्या पुलांच्या आणि रस्त्याखालून पाणी नेणाऱ्या मोऱ्यांच्या नकाशांवर पारदर्शक कागद पसरायचा आणि शाईने नक्कल उतरवायची. चुकलेली रेघ दाढीच्या पात्याने अलगद खरवडायची. वरून खाली, डावीकडून उजवीकडे. एक रेघ वाळली की मग दुसरी. सव्वीस वर्षं एकच टेबल.

आमच्या लेकीने दिल्लीत चार वर्षांत दोन नोकऱ्या सोडल्या होत्या. शेजारच्या भाभीजींनी "बिटिया आजकल कहाँ है?" विचारलं की ही म्हणे, "वहीं, दिल्ली में," आणि विषय बदले. आत येऊन माझ्यावर घसरे. "खुर्ची गरम व्हायच्या आत उठते ही. आपल्या घरात कोणी नोकरी सोडली आहे का कधी?"

नव्हती सोडली. आमचे पूर्वज दक्षिणेतून इकडे आले ते कारकून म्हणून, आणि तेव्हापासून जो लिहायला बसला तो म्हातारा होऊनच उठला.

मग कचेरीची फेररचना निघाली. नकाशे यापुढे संगणकावर होणार होते. ट्रेसरची पदं बंद. ज्यांना नकाशांतच राहायचं त्यांनी संगणकाची परीक्षा द्यायची. बाकीच्यांनी जावक विभागात बसून पाकिटांवर पत्ते लिहायचे. ती बावन्न वर्षांची होती. बरोबरच्या तिघांनी जावक विभाग घेतला. बड्या बाबूंनी प्रेमानेच सुचवलं, "दीदी, अब आराम की जगह ले लीजिए."

घरी आल्यावर मला म्हणाली, "आराम घरी करीन. तिथे मला रेघ हवी."

खंडेराव गेटजवळ एका दुकानाच्या माडीवर संगणकाचा वर्ग होता. अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलींमध्ये ही जाऊन बसू लागली. आणि पहिल्या परीक्षेत नापास झाली.

कारण तिने फक्त मला सांगितलं. प्रत्येक रेघ ओढली की ती हात उचलून थांबत होती, शाई वाळावी म्हणून. पडद्यावरची रेघ ओली नसते हे डोक्याला ठाऊक होतं, मनगटाला नव्हतं. परीक्षकांनी विचारलं, "माताजी, रुक क्यों गईं?" हिच्या तोंडून निघून गेलं, "सूखने दीजिए." सगळे हसले. वेळ संपली तेव्हा नकाशा अर्धाच झाला होता.

दुसरी संधी दोन महिन्यांनी, आणि तीच शेवटची. नेमकी त्या मधल्या काळात लेक आपला संगणक घेऊन घरी आली. तिसरीही नोकरी सोडून. चौथी सुरू व्हायला तीन आठवडे होते. तिला मराठी कळे सगळं, बोले मात्र हिंदीत. आईशेजारी स्टूल ओढून बसे आणि हात थांबला की म्हणे, "सूख गई, आई. आगे."

एकदा हिने विचारलं, "तुला हसू येत नाही माझं?"

"क्यों आएगा? नई जगह जाती हूँ तो मेरा हाथ भी हफ़्ताभर पुराना ढूँढ़ता है."

"प्रत्येक वेळी?"

"हर बार."

"आणि भीती?"

"वो भी हर बार."

हिने पुढची रेघ ओढायला घेतली. त्या संध्याकाळी भाजीच्या गाडीपाशी भाभीजींनी टोमणा मारला, "बिटिया ने फिर छोड़ दी?" मी पिशवी धरून उभा होतो. ही म्हणाली, "हाँ भाभीजी, फिर से नया काम सीखेगी. मेरी तो एक ही बार में साँस फूल गई." आणि नव्या कंपनीचं नाव, पत्ता, हुद्दा, सगळं सांगून मोकळी झाली.

दुसऱ्या परीक्षेत ती पास झाली. आठ वर्षं नकाशांतच राहून तिथूनच निवृत्त झाली.

ती गेल्यावर पेन्शनच्या कागदांसाठी मी कचेरीत गेलो. एका तरुण इंजिनिअरने बसवून घेतलं आणि तिचा एक नकाशा छापून दिला. नकाशाच्या कोपऱ्यात नावांचा चौकोन असतो. सव्वीस वर्षं तिची आद्याक्षरं तिथे नक्कल करणाऱ्याच्या रकान्यात पडत. या कागदावर ती नकाशा काढणाऱ्याच्या रकान्यात होती. तिने मला हे कधी सांगितलं नव्हतं.

नकाशा बरुआसागरच्या वाटेवरच्या एका मोरीचा होता. लेक आली तेव्हा आम्ही बसने तिथे गेलो. कठड्यावर हात ठेवून तिने विचारलं, "बाबा, ये आई ने बनाया?"

"बांधलं गवंड्यांनी. काढलं आईने."

आल्याच्या पोत्यांनी भरलेला एक ट्रॅक्टर आला. आम्ही कडेला सरकलो. तो मोरीवरून निघून गेला.