अव्वाचा हात

तमाम नागरिकांस अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, सोलापुरात बाळीवेशीच्या मागच्या बोळात राहणाऱ्या अव्वाने सत्तरच्या दशकात मला जेवढे मारले, तेवढे माझ्या बापाने, मास्तरांनी आणि पुढे नशिबाने मिळूनही मारलेले नाही. ज्यांना शंका असेल त्यांनी समक्ष येऊन माझा डावा कान पाहावा. तो उजव्यापेक्षा अंमळ पुढे आलेला आहे.

झालं असं, की आमच्या कॉलेजात तेव्हा एक सेवा पथक निघालं. एकट्यानं राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांकडे दोन-दोन पोरांनी जायचं, पाणी भरायचं, बाजार आणायचा, चार शब्द बोलायचे. माझ्या जोडीला व्यंकट होता. तेलुगू विणकराचा पोरगा. घरात यंत्रमाग, झोपेतसुद्धा त्याच्या कानात खटखट चालायची. पहिल्या दिवशी त्यानं दारातून हात जोडले आणि पाठ केलेलं वाक्य म्हटलं, "आजी, आम्ही आपली सेवा करायला आलो आहोत."

"बा इल्ली," अव्वानं कानडीत जवळ बोलावलं. तो गेला. तिनं पाठीत असा धपाटा घातला, की त्याची उरलेली वाक्यं पोटातच राहिली.

"सेवा देवाची करत्यात. मी काय मेल्ये व्हय? घागर उचल."

अव्वाच्या माराला प्रतवारी होती. चहा नको म्हटलं तर टपली. उशीर झाला तर कान. खोटं बोललं तर लाटणं. आणि परीक्षेत पास झालं तर दोन्ही हातांनी पाठीवर असा काही वर्षाव, की नापास झालेलं परवडलं असतं. एकदा मला ताप आला म्हणून गेलो नाही, तर ती चालत आमच्या घरी आली. आईच्या देखत माझ्या कपाळाला हात लावला, ताप आहे याची खात्री केली आणि त्याच हातानं गालात दिली. "सांगावा धाडायचा की," म्हणाली. नवरा जाऊन जमाना झाला होता, मूलबाळ नव्हतं. "हात लागल्याबिगर माणसाला कळतंय कसं, समोर कोण तरी हाय म्हणून?" हे तिचं तत्त्वज्ञान. आम्हाला ते फार लवकर कळलं.

ती शेंगाचटणी करून दुकानांना घालायची. दगडी उखळात शेंगदाणे, लसूण, तिखट, आणि वरून मुसळ. चटणीला तेल सुटेपर्यंत ती थांबत नसे. सकाळी तिचं मुसळ सुरू झालं की बोळातली माणसं उठत. एक घाव, मग दम, मग शिवी, मग दुसरा घाव. शिव्या बार्शीच्या भाच्याला असत. या भाच्यानं, बसूनं, शेजारच्या गौराबाईला सांगून ठेवलं होतं, "आत्तीचं मुसळ थांबलं की मला कळवा. म्हातारीला बार्शीला घेऊन जातो." ऐकायला प्रेमळ वाटतं. पण याच बसूनं स्वतःच्या आईला आडतीच्या दुकानामागच्या खोलीत पोत्यांच्या जोडीला बसवून ठेवलं होतं, आणि ती तिथंच बसल्या बसल्या गेली. अव्वानं ते डोळ्यांनी पाहिलं होतं. "त्याच्या घरात मी बसून मरणार," ती म्हणायची. "हितं हुबी तरी मरते."

आता अव्वाकडे एक अलिखित नियम होता: मार आला की वाकायचं नाही. मी कधी वाकलो नाही, कान साक्षी आहे. पण एके दिवशी व्यंकटनं बाजारातून खवट शेंगदाणे आणले, अव्वाचा उजवा हात सुटला, आणि हा गाढव वाकला. हात दाराच्या चौकटीवर बसला. हाड मोडल्याचा आवाज मला ऐकू आला. अव्वा ओरडली नाही. मनगट धरून एवढंच म्हणाली, "वाकलास कशाला मुडद्या? तुझं थोबाड दोन दिवसांत बरं झालं असतं."

हात प्लास्टरमध्ये गेला. मुसळ थांबलं तर बार्शी. म्हणून दुसऱ्या दिवसापासून व्यंकट पहाटे येऊन, दार लावून चटणी कुटू लागला. मी शेजारी बसून शिव्या देत होतो, अव्वाच्या आवाजात. बेत झकास होता. पण व्यंकटच्या हाताला एकच ठेका ठाऊक होता, मागाचा. खटक-खटक, खटक-खटक, दम नाही, खंड नाही. माझ्या शिव्यांना मध्ये जागाच मिळेना. चौथ्या सकाळी गौराबाईनं दारावर थाप मारली.

"अव्वा, वीज कधी जोडून घेतलीस ग उखळाला?"

आणि तिनं बार्शीला निरोप धाडला.

बसू आला तो टांगा घेऊनच. आडदांड माणूस. नमस्कार नाही, चमत्कार नाही, त्यानं अव्वाची भांडी बोळात फेकायला सुरुवात केली. "आत्ती, चल. लई झाली तुझी नाटकं." व्यंकट दारात आडवा झाला. बसूनं त्याचं डोकं धरून भिंतीवर आपटलं. नाकातून रक्त आलं. मी बसूच्या पाठीवर उडी घेतली आणि त्याच वेगानं उखळाशेजारी येऊन पडलो. तेवढ्यात अव्वा उठली.

तो टांगा पुढे रिकामाच गेला आणि अव्वा शेवटपर्यंत त्याच खोलीत राहिली, हे आधीच सांगून टाकतो. गेली तीही मुसळाला हात टेकून, उभ्या उभ्या. पण त्या दुपारी मला खरंच वाटलं होतं, की आता ही पोत्यांमध्ये जाणार.

अव्वानं प्लास्टरचा हात उचलून बसूच्या कानशिलावर घातला. प्लास्टर तडकलं. दुसरा घाव भुवईवर, भुवई फुटली. तिसऱ्याला बसूनं तो हात पकडला आणि पिरगाळला. अव्वाच्या तोंडून बारीकसं "यप्पा" निघालं. तिचा असला आवाज मी तोवर ऐकला नव्हता.

नेमके तेव्हाच आमच्या पथकाचे सर पाहणीला आले. सर म्हणजे खादी, सूतकताई आणि मधुर वाणी. वर्गात डास आला तर फुंकर घालून उडवायचे. पथकाला त्यांनी पहिला धडा दिला होता तो अहिंसेवर. सर मध्ये पडले, हात जोडून म्हणाले, "आपण बसून बोलू या." बसूनं मोकळ्या हातानं त्यांच्या तोंडात मारली. चष्मा उखळात गेला.

सरांनी पाहिलं, म्हणजे चष्म्याविना जेवढं दिसलं तेवढं पाहिलं: भिंतीवरचं रक्त, बोळातली भांडी, पिरगाळलेला हात. मग ते मागून गेले आणि त्यांनी बसूला दोन्ही दंडांखालून असा आवळला, की अव्वाचा हात सुटला. अव्वानं फुटकं प्लास्टर पुन्हा उचललं. पण समोर कॉलेजचे गुरुजी. तिला संकोच वाटला. पदर सावरून तिनं हात खाली घेतला.

सरांच्या ओठातून रक्त येत होतं. धापा टाकत ते म्हणाले,

"थांबलात का अव्वा? मारा की. मी धरलाय त्याला."