रुझेना, लिबुशे आणि बटाट्याची खळ

चेक देशातल्या ओलोमोउत्सच्या ट्राम डेपोत लुबोर शिमेकने उभा जन्म चाकं बसवली, पण त्याला कुणी फिटर म्हटलं की तो ऐकलं न ऐकलंसं करायचा. डेपोतून घरी आला, हात धुतले, की तो शास्त्रज्ञ. आमच्या गावाला याचं काही नवल नाही. इथे कुणी कबुतरं पाळतं, कुणी तळघरात दारू गाळतं, आणि जे यातलं काहीच करत नाहीत ते भुंगेरे गोळा करतात.

लुबोरचा भुंगेरा म्हणजे शिंगं असलेला, पोरांनी काडेपेटीत घालून मिरवावा असा नव्हे. तिळाएवढा, तपकिरी, मुक्काम मेंढ्यांच्या लेंड्यांत. आणि हौस कसली, तर अशा दोन तिळांत फरक काय ते सांगायची. बाहेरून बघाल तर फरक शून्य. तो बघायचा म्हणजे नराच्या पोटातून त्याचा तो अवयव सुईने अलगद काढायचा, पुठ्ठ्याच्या कपच्यावर चिकटवायचा, वाळवायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरायचा. टोक सरळ असेल तर एक जात, डावीकडे वाकलेलं असेल तर दुसरी. लुबोर आणि त्याचा साडू ओता हावरान या टोकांबद्दल जेवणाच्या टेबलावर इतक्या मोकळेपणी बोलत, की नवा पाहुणा तोंडातला घास गिळायचा विसरे.

वीसेक वर्षांपूर्वी हे दोघे साडू ओताच्या गाडीतून बल्गेरियाच्या डोंगरात गेले होते. एका ओढ्याच्या अलीकडे ओता ओणवा, पलीकडे लुबोर ओणवा. धनगरांना वाटलं, यांचं काहीतरी हरवलंय. घरी आल्यावर ओताने आपल्या काठावरचा भुंगेरा टोक सरळ म्हणून नवी जात ठरवला, छापून आणला आणि त्याला बायकोचं नाव दिलं, रुझेनाचं. सहा महिन्यांनी लुबोरने आपल्या काठावरचा, टोक वाकडं म्हणून, तोही नवाच ठरवला. त्याला नाव दिलं लिबुशेचं.

आता या दोघी सख्ख्या बहिणी. रुझेना थोरली, लिबुशे धाकटी. आईचं शिवणयंत्र रुझेनाकडे गेलं, खेड्यातलं घर रुझेनाकडे गेलं, लिबुशेच्या वाट्याला वडिलांचं नाक आलं. म्हणून तो लेंड्यांतला भुंगेरा लिबुशेला जिवापाड प्यारा. इथे तरी ताईला एक आणि मलाही एक. बेकरीच्या रांगेत कुणी नव्या नातवाचं कौतुक सुरू केलं, की ही शांतपणे म्हणायची, "नातवंडं काय, सगळ्यांनाच होतात. माझ्या नावाची अख्खी जात आहे."

चिकटवायची खळही लिबुशेच करायची. बटाट्याचं पीठ, थोडा व्हिनेगर, चिमूटभर साखर. ओता नाक मुरडायचा. "असल्या खळीने भिंतीला कागद चिकटवावा," म्हणायचा आणि दुकानातला बाटलीतला गोंद वापरायचा. गेल्या वर्षी तो गोंद बाजारातून गायब झाला. मग ओता मान खाली घालून मेहुणीकडून बरणीभर खळ घेऊन गेला. लिबुशेने ती फार आनंदाने दिली, आणि कुणाला दिली ते जिन्यात भेटेल त्या प्रत्येक शेजाऱ्याला सांगितलं.

लिबुशेच्या साठीला दोन्ही जोडपी टेबलाशी बसली. भाजलेलं बदक होतं, आंबट कोबी होता, पिठाचे उकडलेले वाफाळते गोळे, क्नेडलिक, होते. सूक्ष्मदर्शक खिडकीत होता, तो तिथे सणासुदीलाही असतोच. ओता मात्र काट्याने नुसता क्नेडलिक ढकलत बसला.

"ओताभाऊजी, बदक कडक झालंय का?"

"बदक मऊ आहे, लिबुशे. घास उतरत नाही." त्याने खुर्चीखालून एक पेटी काढून बदकाशेजारी ठेवली. "उन्हाळ्यात परत गेलो होतो. माझ्याच काठावर. भरपूर नर धरले. सगळेच्या सगळे वाकडे."

"म्हणजे काय?" रुझेनाने विचारलं.

"म्हणजे तू संपलीस, रुझेना. लिबुशे ओढा ओलांडून आली आणि तिने तुला हुसकून लावलं. जगात तू आता कुठेच उरली नाहीस. तसा लेखही लिहायला घेतलाय मी."

रुझेनाने काटा खाली ठेवला. तिला आयुष्यात कुणी कुठूनही हुसकलेलं नव्हतं.

"अगं बाई," लिबुशे म्हणाली. चेहरा दुःखी करायचा तिने मनापासून प्रयत्न केला, पण गाल ऐकेनात. "ताई, थोडा कोबी घे."

लुबोरने मात्र पेटीतला एक कपचा उजेडात धरला होता. कडेला खळीचा तो ओळखीचा पिवळसर थर. वाळली की आक्रसणारी, कागदाचे कोपरे मुडपणारी खळ. वीस वर्षं ती टोकं त्याच्या डोळ्यांसमोर डावीकडे वाकत होती आणि तो निसर्गाला शाबासकी देत होता.

बोलावं तर दोन्ही भुंगेरे एकच ठरणार. एकाच जिवाला दोन नावं पडली की आधीचं राहतं, म्हणजे राहणार रुझेना. लिबुशेच्या साठीला, लिबुशेच्या टेबलावर, लिबुशेचाच नवरा तिचा भुंगेरा घालवणार. न बोलावं, तर साडू जिवंत प्राण्याचं मरण छापणार. त्यात बायकोचे गाल लग्नातही इतके लाल झाले नव्हते. लुबोरने विचार करत एक क्नेडलिक खाल्ला. मग दुसरा खाल्ला. तिसरा काही केल्या जाईना.

"ते खळीने वाकतं," तो म्हणाला. "जात एकच आहे."

ओताने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "माझ्या बायकोला बरं वाटावं म्हणून स्वतःच्या बायकोचा बळी देतोयस. मन मोठं आहे तुझं, साडू. पण हे शास्त्र आहे."

"मला कुणाची दया नको," रुझेना म्हणाली.

"आणि मला साधी फुलंसुद्धा नाहीत," लिबुशे म्हणाली. "होता तो भुंगेराही ताईला."

"दया नाही हो, खळ आहे ती," लुबोर म्हणाला.

"खळ असेल तर पाण्यात सुटेल." रुझेना उठली आणि मेहुण्याच्या स्वयंपाकघरातून कुणाला न विचारता कपभर कोमट पाणी घेऊन आली. कपचा त्यात बुडवला. बदक गार होत गेलं. थोड्या वेळाने लुबोरने तो सूक्ष्मदर्शकाखाली सरकवला. टोक जांभई द्यावी तसं आळोखेपिळोखे देत सरळ झालं होतं.

रुझेनाने डोळा लावला. "हं. ही मी."

लिबुशेने डोळा लावला. बराच वेळ बघितलं. मग फडताळातून खळीचं पातेलं आणलं, त्याच टोकाला एक थेंब लावला आणि कपचा हीटरवर ठेवून स्वतः राखणीला उभी राहिली. वाळल्यावर परत बघितलं.

"आणि ही मी."

दुपारभर तो एकच नर कधी थोरली झाला, कधी धाकटी. कॉफी होईपर्यंत दोघींना त्याची अशी गोडी लागली, की "आता माझी पाळी" म्हणून त्या एकमेकींचा हात ओढू लागल्या. ओताने प्लमच्या दारूची बाटली जवळ घेतली आणि आपला लेख चार घड्या करून खिशात घातला.

पाहुण्यांनी कोट चढवल्यावर लिबुशेने विचारलं, "मग आता मी कुठे?"

"ताईच्या नावाखाली," लुबोर म्हणाला. "बारीक अक्षरात. पण पुसत नाहीत हं. कायम छापतात."

"ताईच्या खाली, बारीक अक्षरात." लिबुशेने ताटं गोळा केली. "मग यात नवीन काय शोधलंस तू?"

दोन्ही जाती एकच असल्याचा लेख लुबोरने लिहिला, लिबुशेने तो पोस्टात टाकला. पण तेवढ्यावर तिचं समाधान झालं नाही. लुबोरच्या कपाटात त्याने नात्यागोत्यातल्यांची नावं दिलेल्या आणखी कितीतरी जाती आहेत, आणि त्या सगळ्या त्याच खळीवर उभ्या आहेत. आता दर रविवारी जेवणं आटपली, की लिबुशे कपभर कोमट पाणी आणून ठेवते, खुर्ची ओढून त्याच्या शेजारी बसते आणि आज कुणाला बुडवायचं ते सांगते. सुरुवात तिने सासूबाईंपासून करायला लावली.