फिक्स्ड सायकलवर टांग

नोकरी गेल्याच्या तेविसाव्या दिवशी, एका रविवारी, मी शिकागोजवळच्या नेपरव्हिलमधल्या एका काकांच्या गॅरेजमध्ये उभा होतो. माझ्या व्हिसावर नोकरी सुटली की साठ दिवस मिळतात. तेवढ्यात दुसऱ्या कंपनीनं घेतलं नाही, तर बायको-मुलीसह देश सोडायचा. येत्या गुरुवारी शिकागोत एक इंटरव्ह्यू होता, समोरासमोरचा, शेवटच्या फेरीचा. तोपर्यंत हाताशी दुसरं काहीच नव्हतं.

प्रश्न साधा होता. एक गाडी आम्ही काढून टाकली होती. दुसरी सकाळी बायकोला लागायची, मुलीच्या शाळेसाठी. घरापासून ट्रेनचं स्टेशन अडीच मैल. काका रिटायर्ड इंजिनिअर. लोकांनी टाकून दिलेल्या सायकली दुरुस्त करून ते गरजूंना देतात. इथल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमात खुर्च्या लावताना आमची ओळख झालेली. त्यांनी माझ्यासाठी एक सिंगल-स्पीड, म्हणजे एकाच गिअरची सायकल काढून ठेवली होती.

तिच्या मागच्या चाकाला दोन्ही बाजूंनी आटे होते. एका बाजूला फ्रीव्हील, म्हणजे आपल्याकडच्या सायकलीसारखं: पाय थांबवले तरी चाक फिरत राहतं. दुसऱ्या बाजूला फिक्स्ड, चाकाला घट्ट बसवलेली दातेरी चकती. चाक फिरतंय तोवर पायडल फिरणार, आणि पायही. चाक काढून उलटं बसवलं की बाजू बदलते.

"फ्रीव्हील घे," काका म्हणाले. "पण हे जुनं आहे. थंडीत आतलं ग्रीस गोठतं, खटके अडकतात, मग पायडल नुसतंच फिरतं. नवीन मागवतो. आठवडा लागेल."

"गुरुवारी जायचंय, काका."

"मग उबर कर."

"फिक्स्ड चालेल की. बर्फावर कंट्रोल चांगला राहतो म्हणतात."

"म्हणणारे पंचविशीतले असतात. तू किती वर्षांचा?"

"एकेचाळीस."

"वा. म्हणजे गुडघे अजून तुझेच आहेत. अरे, फिक्स्डवर पाय थांबवता येत नाहीत. उतारावर तर ती तुला पळवते. थोडा आराम मिळाला तर काय बिघडतं तुझं?"

मी हसलो आणि फिक्स्डच बसवून द्या म्हटलं. बर्फाचं कारण खोटं नव्हतं, पण पूर्ण खरंही नव्हतं. त्या तेवीस दिवसांत मला बसून राहणं सहन होत नव्हतं. घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. वडील तालुक्याच्या गावी दवाखान्यात कंपाउंडर होते. गणिताच्या सरांनी मला तीन वर्षं स्वतःच्या घरी बसवून शिकवलं, एक पैसा न घेता. इतक्या लोकांनी पुढे ढकललेला माणूस पाय सोडून बसलाय, हे माझं मलाच बघवत नव्हतं. पाय सतत चालवावे लागणारी सायकल मला योग्य वाटली. तो निर्णय असा झाला.

काकांनी चकती घट्ट केली, तिच्यावर उलट्या आट्याची रिंग आवळली, चेनचा ताण बोटानं दाबून पाहिला. ब्रेक दोन्ही ठेवले. मग म्हणाले, "आधी सीटवर बसायचं. एक पाय कर्बवर, फुटपाथच्या कडेवर. मग निघायचं. समजलं?"

"समजलं."

सोमवार ते बुधवार मी आमच्या घरासमोरच्या रस्त्यावर तसाच सराव केला. मुलगी खिडकीतून बघायची. "Baba, why can't you just stop?" तिनं विचारलं. मी म्हटलं, ही सायकलच तशी आहे.

गुरुवारी सकाळी स्टेशन दोन चौकांवर असताना सिग्नल लाल झाला. पँटचा पाय चेनला लागत होता, म्हणून मी उतरून तो मोज्यात खोचला. तेवढ्यात हिरवा झाला. मागे एक गाडी उभी होती. तिनं हॉर्नही वाजवला नाही. पण आपल्यामुळे कुणी खोळंबलंय या नुसत्या कल्पनेनं मी घाईत आलो, आणि डावा पाय पायडलवर ठेवून, उजव्यानं जमिनीला दोन रेटे देऊन टांग टाकली.

लहानपणी वडिलांची सायकल इतकी उंच होती की सीटवर बसून पाय जमिनीला पोचतच नसत. टांग मारल्याशिवाय निघताच यायचं नाही. गावातले सगळे तसेच निघायचे. मधे तीस वर्षं सायकल चालवली नव्हती, तरी पायांना तेवढंच आठवलं. पण फ्रीव्हीलवर ते पायडल खाली स्थिर राहतं. फिक्स्डवर चाक पुढे गेलं तसं ते मागून वर आलं आणि त्यानं मला उचलून फेकलं.

गाडीतल्या बाई खाली उतरल्या, दोनदा विचारलं, हॉस्पिटलमध्ये सोडू का. मी "आय ॲम फाइन" म्हणत राहिलो. स्टेशनवर सोडा, एवढं सांगायचं मला सुचलं नाही. पँट गुडघ्यावर फाटली होती, उजवं मनगट सुजायला लागलं होतं. सायकल ढकलत स्टेशनला पोचलो तेव्हा ट्रेन निघून गेली होती.

पुढच्या ट्रेननं गेलो. पन्नास मिनिटं उशीर. चौघांनी भेटायचं ठरलं होतं, दोघेच उरले होते. फार चांगले वागले. बर्फ आणून दिला. व्हाइटबोर्डवर आकृती काढायला सांगितली तेव्हा माझ्या हातानं रेघ सरळ निघेना. "Take your time," म्हणाले.

सोमवारी नकाराचा ईमेल आला. कारण दिलं नव्हतं. कदाचित मी वेळेवर पोचलो असतो तरी नकारच आला असता. हे मी स्वतःला पुष्कळदा सांगितलं आहे आणि एकदाही मला ते पटलेलं नाही.

बायकोनं मनगटाला पट्टी बांधताना एकदाच विचारलं, "काकांनी आठवडा थांब म्हटलं होतं ना? त्या दिवशी उबर केली असती तर?" मी पट्टीचं टोक धरून दिलं. तिनं पुन्हा विषय काढला नाही. त्यापेक्षा ती भांडली असती तर बरं झालं असतं.

मी कसा पडलो ते कळल्यावर काकांचा फोन आला. "टांग मारलीस? फिक्स्डवर?" ते हसले, मग हसू आवरून म्हणाले, "मीही पडलोय रे तसाच, इथे नवीन होतो तेव्हा. महिनाभर पाय प्लॅस्टरमध्ये. ऑफिसनं फुलं पाठवली होती."

मी म्हटलं, "हो का."

नंतर आणखी दोन कंपन्यांचे फोन आले. व्हिसाचं सांगितल्यावर दोन्हीकडून पुन्हा काही कळलं नाही. बावन्नाव्या दिवशी आम्ही तिघांची परतीची तिकिटं काढली. मुलीला अजून फक्त "इंडिया ट्रिप" एवढंच सांगितलं होतं.

मग आईला फोन केला. वडील गेल्यापासून ती गावी एकटी असते. आम्ही येतोय म्हटल्यावर तिनं विचारलं,

"सगळे?"

"सगळे."

"सुट्टी किती दिवसांची आहे रे या वेळी?"

मी सांगणार होतो. वाक्य मनात तयार होतं. पण मधेच ती दारातल्या शेजारणीला म्हणाली, "अहो, अमेरिकेहून येताहेत सगळे." आवाजात इतका आनंद होता की मी वाक्य बदललं.

"या वेळी जरा जास्त आहे," मी म्हटलं.

"बरं झालं बाई," ती म्हणाली. "साहेब चांगला दिसतोय तुझा."