चवळीचा डॉक्टर

आरे कॉलनीतल्या आमच्या पाड्यावर आई दर पावसाळ्यात मका लावते आणि मक्याच्या ओळींमध्ये चवळी. गेल्या वर्षी चवळीची पानं पिवळी पडली, तेव्हा एक जण स्कूटरवरून औषध विकायला आला. कडक इस्त्रीचा शर्ट आणि बोलताना सारखा केसांवरून हात. नाव विचारावं असं त्याच्यात काही नव्हतं. त्याने एक पान उन्हात धरलं आणि डॉक्टरसारखी मान हलवली.

"बोरॉन कमी पडलंय, काकू. लागतं चिमूटभरच, पण आपण डबल मारू. लवकर फरक पडेल."

बूट चिखलात जाऊ नयेत म्हणून तो बांधावरूनच सांगत राहिला. चवळीवर फवारलं मी.

आठवड्याभरात पानांच्या कडा करपल्या. शेंग एकही धरली नाही. आईने त्याला बोलावून घेतलं. त्याने चवळीकडे पाहिलंसुद्धा नाही.

"मका बघा ना, काय झकास आलाय!"

"त्याच्यावर तुझं औषध पडलं नाही रे, म्हणून वाचला," आई म्हणाली.

तो निर्लज्जासारखा हसला. मोबाइल काढून, चवळी दिसणार नाही अशा बेताने वाकून त्याने मक्याचा फोटो घेतला.

हल्ली तो फोटो दाखवत पलीकडच्या पाड्यावर हिंडतो. तिथेही मक्यात चवळीच आहे.